फकिरामामाची कूस

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नाही हं! चौकातल्याला जयंतीला हार मिळतो, मला वर्षभर इंजेक्शनं मिळायची. बालाघाटच्या एका नर्सिंग कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी पलंगावर मी पडून असायचो. खऱ्या माणसाला हात लावण्याआधी मुलं माझ्यावर हात बसवत. कॉलेजच्या भाषेत मी डमी.

कुठल्याशा कारखान्यात रबर आणि प्लास्टिक ओतून मला घडवलं. गवत भरलेल्या खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा माझे गाल असे गुलाबी होते की मुली पावडर लावलीय का बघायला बोट फिरवत. मग वर्षं गेली. दंडावर सुयांची चाळण झाली, एक कान निघून हरवला, गाल पिवळे पडले. तरी मी खूश होतो, कारण मला नाव मिळालं होतं.

ते रीनाने ठेवलं. रीना म्हणजे वर्गातली सगळ्यात चुरचुरीत जीभ. पहिल्याच वर्षी माझ्याकडे बघून ती म्हणाली, "अंगावर एकच चादर, वो भी कॉलेज की! हा त पक्का फकिरा आहे." तेव्हापासून मी फकिरामामा. परीक्षेच्या सकाळी मुलं माझ्या पायाला हात लावून जात. प्लास्टिकच्या पायाला!

पण माझ्याशी बोलायची फक्त समीक्षा. ती कटंगीजवळच्या एका खेड्यातली. घरी मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी, अशी तिची तारांबळ. सुई हातात घेतली की ती म्हणायची, "मामा, थोडंसं टोचन हं. हात ढिला सोडा."

रीना हसायची. "अरे, प्लास्टिकले काय सांगून राह्यली? त्याले कळते काय?"

"त्याच्यासाठी नाही सांगत," समीक्षा म्हणायची, "माझ्या तोंडाले सवय लागली पाहिजे ना. उद्या खरा पेशंट समोर आला आन् तोंडच नाही उघडलं त?"

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी अजून विसरलो नाही.

शेवटच्या वर्षी मुलांना एक संशोधन करावं लागतं. त्याशिवाय शेवटची परीक्षा नाही, परीक्षेशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीचा नंबर मिळाल्याशिवाय कोणी नर्स होत नाही. समीक्षा, रीना आणि पवन असा तिघांचा गट पडला. पवन अंगाने दांडगा आणि बोलायला लाजरा.

त्यांचा विषय होता बेडसोर. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की पाठ, कंबर, टाचा दबून दबून तिथे जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलली तर त्या टळतात. भरवेलीच्या खाण कामगारांच्या वस्तीत, घरांच्या दोन ओळींत, अंथरुणाला खिळलेली काही माणसं होती. वरच्या ओळीतल्या घरांना कूस बदलायला आधी शिकवायचं, खालच्या ओळीला एका महिन्याने. त्याआधी दोन्हीकडच्या पाठी तपासायच्या, म्हणजे शिकवल्याने फरक पडतो का ते कळेल.

संशोधन बघणाऱ्या मॅडमनी बजावलं, "एक महिना नीचे वाली लाइन को कुछ नहीं सिखाना. शिकवलं तर फरक कसा दिसेल?"

आणि दाखवायला कोणाला न्यायचं? मला! जन्मात पहिल्यांदा मी खोलीबाहेर पडलो. ऑटोत पवन आणि समीक्षाच्या मध्ये मला चादर गुंडाळून बसवलं. फाटकाजवळ एका मोटरसायकलवाल्याने वाकून विचारलं, "काय झालं बाबाले? कहाँ ले जा रहे?"

"सासरी," पवन म्हणाला. रीना इतकी हसली की तिची ओढणी चाकात जाता जाता राहिली. किती चांगला दिवस होता तो! निदान दुपारपर्यंत.

वरच्या ओळीत एका ओसरीवर खाट टाकून मला झोपवलं. बायका जमल्या. रीनाने एक हात माझ्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि मला अलगद कुशीवर वळवलं. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर. "आय गे, लेकरासारखं पलटवलं!" कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात खालच्या ओळीतून एक बाई आली, हात पदराला पुसत. तुळसाबाई. तिचे मालक तेजराम खाणीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात लकव्याने पडले. ती खांबाला टेकून बघू लागली.

रीना अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात आहे."

"पाहू दे ना व बाई. पाहाले काय तिकीट लागते?"

"तसं नाही, मावशी. नियम आहे आमचा. तुम्हाले बी सगळं दाखवू. आज नाही."

तुळसाबाई ओशाळली. "हौ, हौ. राहू दे मंग." माझ्याकडे एकदा बघून ती मागे फिरली. तेजरामांची पाठ आधी तपासून ठेवायची होती, म्हणून समीक्षा तिच्यासोबत गेली.

परतताना ऑटोत कोणी हसत नव्हतं. समीक्षाचा हात माझ्या हातावर होता.

"त्याईच्या कमरेवर लाल चट्टा आहे," ती म्हणाली. "बोटाने दाबला, तरी लाली गेली नाही."

लाली दाबूनही जात नसेल, तर आतलं मांस दुखावायला लागलेलं असतं. हे त्या तिघांनी माझ्याच शेजारी बसून पाठ केलं होतं.

"तू बोलली त नाहीस ना मावशीले?" रीनाने विचारलं.

"नाही."

"मग झालं. महिन्याने शिकवूच की."

पवन खाली बघत पुटपुटला, "मॅडमले तरी सांगू."

"सांग! मॅडम म्हणतील घर बदला, पहिल्यापासून करा. परीक्षा कवा द्याची मंग? अगले साल?"

पवन गप्प बसला. समीक्षाही. तिच्या गावात लोक आत्तापासूनच तिला सिस्टरबाई म्हणत होते. मला तोंड आहे, पण ते रंगवलेलं आहे. माझ्याशी इतकी वर्षं बोलणारं तोंड मात्र त्या दिवशी मिटलेलंच राहिलं.

महिन्याने आम्ही खालच्या ओळीत गेलो. या वेळी पवनने मला खांद्यावर घेतलं होतं. तुळसाबाईच्या दारापाशी तो थबकला. अंगणात खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. घरात माणूस गेला की अशी करतात.

जखम चिघळली होती, ताप उतरेना, दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. हे शेजारणीने सांगितलं. तुळसाबाई काही सांगत नव्हती. ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"ह्यालेच दाखवणार होते न मले?"

"हौ, मावशी," समीक्षा म्हणाली.

"ह्याले किती खेपा पलटवता?"

"दर दोन तासाले."

तुळसाबाई उठली. तिने माझ्या पाठीवरची चादर सरकवली आणि हात फिरवला. खरबरीत, उबदार हात. "मोठी साफ आहे पाठ ह्याची," ती म्हणाली. "मी त त्याईले हलवतच नोती. हलवलं की कण्हत. म्हणलं, काहून दुखवाचं? निजू दे निवांत. चितच निजू देल्लं."

समीक्षाने ती चादर पुन्हा माझ्या पाठीवर ओढली.

पुढे कॉलेजच्या सभागृहात संशोधन वाचून दाखवायचं होतं. मलाही मंचावर झोपवलं होतं. पडद्यावर आलेखाचे दोन खांब उमटले: शिकवलेल्या घरांचा बुटका, न शिकवलेल्यांचा उंच. फरक अगदी डोळ्यांत भरण्यासारखा होता. टाळ्या पडल्या. आता समीक्षाने आभार मानायचे होते.

ती माझ्या पलंगाजवळ आली आणि म्हणाली, "हा खांब उंच दिसतो, कारण त्यात तेजरामकाका आहेत. त्यांच्या कमरेवरची लाली मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मी बोलले नाही. ते आता नाहीत."

मॅडम उभ्या राहिल्या. "मुझे क्यों नहीं बताया?"

"तुम्ही म्हणाल्या होत्या, काही शिकवायचं नाही."

"शिकवू नका म्हटलं होतं, बेटा. बघून गप्प बसा, असं कधी म्हटलं?" मग मॅडम परत खाली बसल्या. "लेकिन बोलना चाहिए था मुझे. दिसलं तर बोला, तेही सांगायला हवं होतं मी."

मंचामागे रीनाने समीक्षाचा दंड धरला. "सगळ्यांचं लायसन्स अडकवते काय तू? माझ्या घरी काय सांगू मी?" बोलता बोलता तीच रडायला लागली. पवन दोघींच्या मध्ये उभा राहिला.

लायसन्स अडकलं नाही. मॅडमनी पुढच्या मुलांसाठी नियम बदलला: लाली दिसली की त्याच क्षणी बोलायचं, मग संशोधन बिघडलं तरी चालेल. परीक्षेची तयारी मात्र तिघांनी वेगवेगळी केली. पूर्वी माझ्याभोवती गोल करून एकमेकांना प्रश्न विचारत, चुकलं की माझा पिवळा गाल ओढत. आता एक यायचा, दुसरी दारातून बघून परत जायची.

पुढच्या सत्रात कॉलेजात नवा डमी आला. त्याची छाती वरखाली होते, तो कण्हतोसुद्धा. मला स्टोअरमध्ये हलवलं, मोडक्या सलाईन स्टँडच्या शेजारी, उताणं.

एका दुपारी दार उघडलं. समीक्षा. तिला नोंदणीचा नंबर मिळाला होता, तिरोडीकडच्या एका दवाखान्यात नोकरीही. पण चेहऱ्यावर पेढे वाटायचा आनंद नव्हता. तिने माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "मामा, तुम्हाले कुशीवर करते हं. दुखलं त सांगा."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. पाठीमागे तिने गुंडाळलेलं पोतं लावलं, गुडघ्यांमध्ये आपली ओढणी घडी करून ठेवली. आता मला खिडकी दिसते. ती ओढणी न घेताच गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याला निवांत पडू देऊ नका. तो कण्हेल, रागावेल, तरी हात घाला आणि कूस बदला. आणि कुठे लाली दिसली तर कोणाचा नंबर कधी आहे ते बघत बसू नका. तोंड उघडा. माझं तोंड रंगवलेलं आहे, तुमचं नाही.

मला काही दुखत नाही. मी समीक्षाने ठेवलं त्याच कुशीवर आहे. दोन तास केव्हाच होऊन गेले.