हळदीकुंकू लागलेली रिव्हॉल्वर

"खिशात ठेवायला कुठली रिव्हॉल्वर चांगली, आणि तिच्यात गोळ्या कुठल्या घालायच्या?"

मित्रांनो, हा प्रश्न तनयाने इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आपल्या शाळेत, भर असेम्ब्लीत, सेल्फ-डिफेन्सवर बोलायला आलेल्या पोलिसबाईंना विचारला. विचारून दाखव, असं चॅलेंज तिला वर्गातल्या पूर्वीने आणि बाकीच्या मैत्रिणींनी दिलं होतं. तनया म्हणजे हजेरीला 'येस मिस' म्हणतानाही अर्धा आवाज गिळणारी मुलगी. ती उठणारच नाही, याची पूर्वीला खात्री होती. पण ती उठली, आणि अख्खा हॉल हसला. अशी एक रिव्हॉल्वर खरोखरच तनयाच्या घरी, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, हळदीकुंकू लावून ठेवलेली आहे हे हसणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ती मी.

मी एक जुनी, मुठीत मावणारी रिव्हॉल्वर आहे. शंभर वर्षांची म्हणा ना. माझा जन्म बेल्जियममधला. मुठीला अक्रोडाचं लाकूड, आणि चाप असा की दुमडून पोटाशी घेता येतो, म्हणजे खिशात अडकत नाही. ऐकून हसाल, पण आमची जात घडवली गेली ती सायकलवाल्यांसाठी. तेव्हा सायकली नव्या होत्या आणि कुत्र्यांना त्या मुळीच आवडत नव्हत्या.

मला निवडलं मिस हार्डिंगने. ती नर्स होती, खेडोपाडी सायकलवरून बाळंतपणं करत फिरायची. दुकानदाराने आधी तिच्यापुढे एक दणकट रिव्हॉल्वर ठेवली आणि सांगितलं की ही सहा फुटी माणूसही आडवा करेल. ती म्हणाली, "मला कुणाला आडवं करायचं नाहीये. मला वेळेवर पोचायचंय."

मग त्याने मला काढलं. तिने मला थर्मामीटरशेजारी कोटाच्या खिशात घालून पाहिलं, दुकानातल्या दुकानात चार पावलं चालली आणि खूश झाली. आता गोळ्या. एका डबीत शिशाच्या होत्या. दुसऱ्या डबीतल्या काडतुसांत शिसं नव्हतंच, लाल तिखट भरलेलं होतं. दुकानदाराचं मत शिशाकडे होतं. मिस हार्डिंगने तिखटाची डबी उचलली. कुत्र्याला अद्दल घडली की पुरे, तो बिचारा तर आपल्या घराची राखणच करत असतो, असं तिचं म्हणणं. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या एका निवडीवर ठरलं. माझ्या नळीतून शिसं कधी गेलंच नाही.

तिखट मात्र गेलं. एकदाच. एका फार्मच्या फाटकातून एक दांडगा तपकिरी कुत्रा थेट तिच्या घोट्यावर आला. तिने मला काढलं, डोळे मिटले आणि चाप ओढला. वारा समोरून होता. त्यामुळे कुत्राही शिंकायला लागला आणि मिस हार्डिंगही. दोघं रस्त्याच्या कडेला बसून एकमेकांकडे बघत शिंकत होते. पुढच्या खेपेपासून तिने दुसऱ्या खिशात बिस्किटं ठेवली, आणि आठवड्याभरात तो कुत्रा सायकलबरोबर पुढच्या गावापर्यंत धावत यायला लागला.

मग माझी गरजच उरली नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. बिस्किटाकडून हरायला कुणाला आवडेल? मिस हार्डिंगने मला उरलेल्या बिस्किटांच्याच डब्यात ठेवलं, डबा माळ्यावर पाण्याच्या टाकीमागे गेला आणि तिथेच राहिला. खाली घर चार वेळा विकलं गेलं. मी अंधारात टाकीचा गडगडाट ऐकत पडून राहिले.

आणि एके दिवशी झाकण उघडलं आणि चष्मा लावलेला एक चेहरा आत डोकावला. तनयाचे बाबा, शशिधर. पुण्याचे, इथे सॉफ्टवेअरमध्ये. लॉफ्टमध्ये सूटकेसा ठेवायला चढले होते. त्यांनी मला पाहिलं आणि लहान मुलासारखी खाली हाक मारली, "अलका, अगं, शस्त्र सापडलं, शस्त्र!"

कारण खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. ती २००५ सालची. इथे आल्यापासून शस्त्रपूजेला पाटावर काय असायचं? स्क्रूड्रायव्हर, ब्रेड कापायची सुरी, ऑफिसचा लॅपटॉप आणि होंडाची किल्ली. यंदा खरंखुरं शस्त्र मिळालं होतं. एवढी जुनी गंजकी वस्तू म्हणजे शोभेचीच, यात त्यांना शंकाही आली नाही. त्यांनी मला तेलाच्या बोळ्याने पुसलं, हळदीकुंकू वाहिलं, गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू ठेवला. आईने नमस्कारही केला. मित्रांनो, शंभर वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. लॅपटॉपपेक्षा मला एक फूल जास्त होतं, हे मी मोजून ठेवलंय.

दसऱ्याला बाबांचे मित्र संजयकाका सोनं द्यायला आले. सोनं म्हणजे इथे तमालपत्र. त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि हातातला श्रीखंडाचा चमचा वाटीत तसाच राहिला.

"शश्या, लेका, ही खरी आहे. या देशात हँडगन घरात ठेवणं म्हणजे जेल. पूजा कसली करतोयस?"

त्या क्षणापासून मी शस्त्र न राहता संकट झाले. घरच्यांचा कायमच्या व्हिसाचा अर्ज होम ऑफिसात, म्हणजे इथल्या गृहखात्यात, पडून होता. पोलीस दारात आले तर त्या अर्जाचं काय? आणि नाही सांगितलं, पण उद्या कुणाला कळलं तर? आई-बाबा कुजबुजत बोलायला लागले. अखेर ठरलं की शनिवारी बाबा मला टॉवेलात गुंडाळून थेम्स नदीत सोडून येणार. गणपती विसर्जन करतात तसं, असं बाबा म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.

तनयाला मात्र मी हवी होते. तिला नाटकात भाग मिळाला होता, पण रिहर्सल संपून बसस्टॉपवरून घरी यायचं तर मागच्या गल्लीतून, एका फाटकाआडून भुंकणाऱ्या कुत्र्यासमोरून एकटीने यावं लागे, आणि आई-बाबा नाही म्हणत होते. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने मला ब्लेझरच्या खिशात घातलं आणि हॉलमधल्या आरशासमोर चालून पाहिलं. मिस हार्डिंगसारखंच. पण मिस हार्डिंग मला घेऊन ताठ चालायची. तनया एक खांदा पाडून, खिशावर हात दाबून, जिन्याकडे वळून वळून बघत चालायला लागली. गल्लीतली सगळी भीती तिने घरात आणली होती. तिने मला मुकाट्याने ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

आणि मग ती असेम्ब्ली. तिने घरी येऊन ड्रॉवर उघडून मला सगळं सांगितलं, म्हणून मला ठाऊक. हशा थांबल्यावर पोलिसबाईंनी शांतपणे उत्तर दिलं की कुठलीच नाही आणि कुठल्याच नाहीत. या देशात खिशात पेपर स्प्रेसुद्धा चालत नाही. मोठा आवाज काढणारा अलार्म ठेव, उजेडाचा रस्ता धर, आणि सगळ्यात आधी स्वतःचा आवाज वापर.

चॅलेंज तिथे संपलं होतं. शेजारी बसलेली पूर्वी तिची बाही ओढत होती. पण तनया बसली नाही.

"आणि एखाद्याला घरात जुनी सापडली तर?"

हा प्रश्न कुणी शिकवलेला नव्हता. पोलिसबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, तिला हात लावू नये, स्टेशनात घेऊन येऊ नये, नदीत तर मुळीच टाकू नये, तिथे पोरं खेळतात. फोन करावा, आम्ही घरी येऊन नेतो. आपण होऊन फोन करणाऱ्याचं आम्ही आधी ऐकून घेतो.

"माझा आवाज जराही हलला नाही गं," तनया मला म्हणाली. चेहरा असा की जणू दोनशे मुलांसमोर ती गाऊन आली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. वितळवा मला, माझा सायकलचा पेडल करा, घंटी केलीत तर फारच छान. जपायचंच असेल तर मिस हार्डिंगने निवडलेलं ते तिखट जपा, आणि त्याहून ती बिस्किटं.

शनिवार उजाडला. बाबांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि होंडाची किल्ली उचलली. कुंकू अजून माझ्या मुठीला होतं. तनया पायजम्यातच जिना उतरून आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आई म्हणाली, "तनू, बाजूला हो, बाबांना उशीर होतोय."

ती झाली नाही.

"बाबा, तिला परत ठेवा. ती नदीत जाणार नाही. मी आत्ता पोलिसांना फोन करणार आहे, आणि बोलणारही मीच. पूजा केली हेसुद्धा सांगणार. आई, तू चहा टाक, ते येतील तेव्हा लागेल. आणि गुरुवारी रिहर्सल आहे, मी गल्लीतून एकटी येणार आहे. मला अलार्म घेऊन द्या, आणि एक बिस्किटांचा पुडा."