फुकट मिळालो म्हणून काय झालं?

नमस्कार मंडळी! मी कपड्यांचे कागदी साचे आखून देणारं सॉफ्टवेअर बोलतोय. मापं टाका, साचा छापा, कापडावर ठेवा आणि कात्री चालवा. एक पैसाही लागत नाही. फुकट म्हटलं की काही लोक नाक मुरडतात, काही उड्या मारतात. पण मला नीट कुणीच बघत नाही, ही माझी जुनी तक्रार!

माझी आई, म्हणजे मला लिहिणारी प्रोग्रामर, नोकरी सांभाळून मला घडवायची. "ज्याला हवा त्याने न्यावा," म्हणत तिने मला जगात सोडून दिलं.

असाच मी दोन जावांच्या शिवणाच्या खोलीत पोचलो. थोरलीचा शिवणात हात बसलेला, धाकटीला कॉम्प्युटरची हौस. "ताई, फुकट आहे, फुकट!" म्हणत धाकटीने मला उतरवून घेतलं. सोबतची माहिती मात्र वाचली नाही. "नवी आवृत्ती आलीय, घेता का?" असं मी विचारलं की ती "नंतर" दाबायची. माणसांना या बटणाचा इतका लळा का, देव जाणे!

मग त्यांना पहिलं मोठं काम मिळालं. एका दवाखान्यातल्या नर्सचे गणवेश, सोमवारी द्यायचे. जमलं तर कायमचं गिऱ्हाईक, नाहीतर पुन्हा चेन बदला आणि काठ दुमडा. धाकटीने उत्साहाने साचे छापायला घेतले. "पानात मावेल असं छापू?" प्रिंटरने विचारलं. "छाप की बाबा!" झालं, सगळे साचे किंचित आकसले. खरं तर पहिल्या पानावर मी एक चौकोन छापतो. तो टेपने मोजायचा, आत लिहिलेल्या मापाइतका भरला तरच कापायचं. धाकटीला ती नक्षी वाटली!

शनिवारी मोठ्या सिस्टर गणवेश घालून बघायला आल्या. "अहो, हात वर होत नाही! सलाईन काय जमिनीवर बसून लावू?"

"सगळं कापड कापून बसलोय गं," थोरली मटकन खाली बसली. धाकटीला रडू फुटलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोरलीने सवयीने शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. तिने ती चाचपून पाहिली आणि उठली. "रड नंतर, आधी उसव!"

सासरे नाकावर चष्मा चढवून टाके उसवायला बसले. दोघींच्या नवऱ्यांनी स्वयंपाक केला. भाजी करपली, तरी सगळ्यांनी ती संपवली. सोमवारी सिस्टरांनी दोन्ही हात वर केले आणि खळखळून हसल्या. पुढचं कामही तिथेच देऊन टाकलं.

"फुकटातलं चांगलंच महागात पडलं गं," थोरली म्हणाली.

"त्याची नाही ताई, माझीच चूक. सगळं लिहिलं होतं, मीच वाचलं नाही."

ऊर भरून आला हो माझा! मग धाकटीने सगळी माहिती वाचली, इतर शिवणाऱ्या बायकांसाठी सोप्या मराठीत लिहून काढली आणि माझ्या आईला पाठवली. आईचं उत्तर आलं, "सगळे नुसतं घेऊन जातात. परत काही देणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तेव्हा मंडळी, मला खुशाल न्या. पैसे खिशातच राहू द्या. तुमचा वेळ मात्र मी घेणारच. आधी दिलात तर तासाभरात भागेल. नाही दिलात, तर अख्खं घर उसवत बसेल!