सोनेरी कागद

लक्ष्मीपूजनाला दुकानातला माल देवीपुढे मांडायचा, ही शामलाच्या सासरची रीत. तेल, साबण, बिस्किटं सगळी पाटावर बसली. सिगारेटच्या पाकिटांपाशी मात्र तिचा हात अडला. प्रत्येक पाकिटावर ते सडलेल्या तोंडाचं चित्र. देवी वर्षातून एकदा येणार आणि आल्याआल्या तिला हे दाखवायचं? लेकीच्या, मुग्धाच्या साक्षगंधाची ताटं सजवायला आणलेला सोनेरी कागद घरात होता. शामलाने मैद्याची खळ शिजवली आणि पाकिटं अशी गुंडाळली की मिठाईवाल्याने मान डोलवावी.

पूजा झाली. कागद काढायचे राहिले. पाकिटं तशीच फळीवर चढली, काही विकलीही गेली.

पुढच्या आठवड्यात माल टाकायला आलेल्या जितेंद्रने फळीकडे पाहिलं आणि हातातला खोका खाली ठेवला.

"काकू, हे काय करून ठेवलं?"

"पूजेसाठी लावलं रे. छान दिसते ना?"

"छान दिसते, हीच तर भानगड आहे. ते चित्र झाकलं की गुन्हा झाला. तपासणीवाल्यांनी सदरमधी दोन दुकानं पकडली काल. आता इकडं मनीषनगरात फिरून राहिले."

"दंड असन."

"हजारापर्यंत दंड, नाहीतर वर्षापर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. हे विकणाऱ्याचं सांगून राहिलो, बनवणाऱ्याले याहून जास्त. दुसऱ्यांदा सापडलं तर आणखी वाढते."

"लक्ष्मीसाठी लावलं म्हणून सांगीन मी."

"सांगा. तिले साक्षीले बोलावतीन."

जितेंद्र गेला. दंड शामलाच्या कानावरून गेला. आत जाऊन बसली ती कैद. महिनाअखेरीस साक्षगंध. मुलाकडची कामठीची माणसं साधी होती, पण विहीणबाई कुठं आहेत असं कोणी विचारलंच तर? आत आहेत म्हणावं, तर तेही खोटं नाही.

ती ओलं फडकं घेऊन बसली. खळ सुटत होती, कागद निघत होता आणि एकेक तोंड वर येत होतं. एरवी पाकीट देताना ती अंगठा बरोबर त्या चित्रावर ठेवायची. आज प्रत्येक तोंड नीट निघालं ना, हे वाकून बघावं लागलं. शेवटचं पाकीट फळीवर ठेवलं आणि तिला आठवलं, सकाळी समोरच्या कृष्णकांतजींना एक सोनेरी पाकीट दिलं होतं.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

तपासणीचे साहेब आत आले, आणि त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडून कृष्णकांतजीही. पातळ पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात सोनं चमकत होतं.

साहेबांनी एक पाकीट उलटसुलट केलं. "हे ओलं काहून आहे?"

"फळी पुसली, साहेब."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग नजर कृष्णकांतजींकडे वळू लागली. कृष्णकांतजींनी हातातला पेपर सावकाश छातीशी धरला.

"चित्र समोरून दिसलं पाहिजे, बाई. उलटी ठेवायची नाहीत."

जीप गेली. शामला स्टुलावर टेकली.

"घाबरल्या काय वहिनी?" कृष्णकांतजींनी खिशातून पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं. रिकामं होतं. "असंच आणखी एक द्या. सोनेरीवालं."

"सकाळी तर दिलं होतं, भाऊजी."

"संपलं ना. त्या चित्रापायी दिवसाला दोन-तीनवर आलो होतो मी. पाकीट काढलं की नात तोंड फिरवे. आता म्हणते, आजोबा, चॉकलेट आहे का त्यात?"

ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. गल्ल्याची कड धरून ते उभे राहिले. शामला स्टुलावरून उठली. जीप कधीच वळणाआड गेली होती. या खोकल्याची शिक्षा काही जितेंद्रने सांगितली नव्हती.

तिने फळीवरचं एक पाकीट घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. अंगठा बाजूला ठेवला.

"आता हेच मिळते, भाऊजी."

कृष्णकांतजी चित्राकडे बघत राहिले. त्यांचा हात गल्ल्यावरून उचलेना. शामलाने पाकीट मागे घेतलं नाही. एवढी वर्षं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाईल म्हणून ती धसकायची. आज ते परत जाणार नाही, याची तिला भीती वाटत होती.