डावी कड

“बाबा, कडेला उभं राहणाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय हो?”

अख्खा वर्ग फिसकन हसला. हे सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती आणि तिनं ती जिंकली. उंचीमुळे तिची जागा दरवर्षी शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला. आणि दरवर्षी शाळेच्या फोटोत तिचं तोंड धुक्यातल्यासारखं. फोटो काढणारा सख्खा बाप!

स्टुलावर उभ्या असलेल्या बाबांनी कॅमेऱ्यामागूनच म्हटलं, “हलू नका.”

बाई मात्र हसल्या नाहीत. “या वेळी कडा नीट आल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला बोलवावं लागेल.”

या वेळीही कड पुसटच आली. बाईंनी पुन्हा एकदा, सोमवारी यायला सांगितलं. बाबांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

“काच म्हातारी झाली,” म्हणत त्यांनी दुकानदार मित्राकडून नवी वाइड लेन्स चार दिवस वापरून बघायला आणली. स्टुडिओच्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. आधी जुन्या लेन्सनं फोटो, मग नव्या लेन्सनं. कॅमेरा जुना रेंजफाइंडर. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून नेम धरायचा. कॅमेरा हातातच धरायचा, कारण स्टँड म्हणजे बाबांच्या मते लंगड्याची काठी.

फिल्म वाळेपर्यंत ते येरझाऱ्या घालत होते. तीही सारखी फिल्मकडे डोकावत होती.

भिंग लावलं. मधली अक्षरं लख्ख, उजवीकडची लख्ख, डावीकडची विरघळलेली. नव्या लेन्सचंही तेच.

“हीपण भिकार निघाली.”

“दोन्ही डावीकडेच कशा बिघडतील, बाबा?” ती म्हणाली. “आणि हा शेवटचा बघा. जुन्याच लेन्सचा आहे. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी काढला.”

बाबांनी पाहिलं. भिंग पुसून परत पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचून काढावं असं वर्तमानपत्र.

“पुन्हा धरा बघू कॅमेरा.”

त्यांनी धरला. डावं कोपर वर जाईना, म्हणून सगळं अंगच उजवीकडे वळलं, आणि अंगाबरोबर कॅमेराही; डावी कड नेमातून सुटली. भिंत सरळ होती. बाबा तिरके होते.

“खांदा कधीपासून दुखतोय?”

बाबा लेन्स काढायला लागले, तशी तिनं आईकडे पाहिलं. दारात फोटोंच्या कडा कापत बसलेली आई म्हणाली, “मला काय विचारतेस? मी रोज तेल चोळतेय. शाळेत कळता कामा नये म्हणे.”

बाबांनी जुनी लेन्स रुमालानं पुसली, नसलेली धूळ परत पुसली. लेकीला आता राहवेना.

“आई, बाबा, दोघंही ऐका. सोमवारी कॅमेरा मी धरणार, याच लेन्सनं. रांगा बाबाच लावणार, ते मला सात जन्मांत जमायचं नाही. आणि माझी जागा रिकामी राहील ना, डाव्या टोकाची? रांगा लावून झाल्या की तिथे बाबा उभे राहणार.”