बारा चमचे

त्या छापखान्यात 'चूक' म्हणायला बंदी होती. साहेबांनी भिंतीवर पाटीच ठोकली होती: 'इथे चुका होत नाहीत.' काही बिघडलंच तर 'वेगळेपणा आला' म्हणायचं. मागे कॅलेंडरात एकतीस फेब्रुवारी छापला गेला, तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या. "वा साहेब, काय वेगळेपणा!" यंदाही फेब्रुवारी तसाच एकतीस दिवसांचा निघणार होता.

प्रूफं तपासणाऱ्या ताईंनी आजवर हे सगळं मुकाट गिळलं होतं. पण त्या सकाळी खोकल्याच्या औषधाचं लेबल हातात आलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. 'लहान मुलांना १२ चमचे.' औषधवाल्यांनी लिहून दिलं होतं '१-२'. पण साहेबांना लेबलं सुटसुटीत हवी होती, म्हणून सगळ्या आडव्या रेघा उडवायचा हुकूम कालच सुटला होता.

"मशीन चालू करू नकोस," ताईंनी मशीनवाल्याला बजावलं.

"सही ठोका आणि मोकळ्या व्हा ना ताई. नोकरी जाईल."

"जाऊ दे. कुणाचं पोर गेलं तर?"

ताई लेबल आणि औषधाची नमुन्याची बाटली घेऊन तडक केबिनमध्ये शिरल्या. साहेब आठवडाभर खोकून बेजार झाले होते.

"साहेब, लेबलात..."

"शब्द जपून हं!"

"वेगळेपणा आलाय."

"छान! मग करा सही."

ताईंनी साहेबांचा चहाचा रिकामा कप ओढला आणि बशीतल्या चमच्याने मोठ्याने मोजत औषध ओतायला लागल्या. "एक... दोन... तीन..." दारात गर्दी जमली. बाराव्या चमच्याला कप काठोकाठ भरला.

"घ्या. पोरांना बारा, म्हणजे तुम्हाला खरं चोवीस हवेत. पण बारावर भागवू."

"अहो, एवढं पिऊन माणूस उठेल का?"

"लेबलावर आहे तेच दिलंय. आणि इथे तर ती होतच नाही ना?"

साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग दाराकडे. "चू... चू..."

"केबिनमध्ये उंदीर शिरला की काय?" मशीनवाला म्हणाला.

"चूक झाली!" साहेब ओरडले. "माझीच!"

ताईंनी पेन पुढे केलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने एक आणि दोनच्या मध्ये आडवी रेघ ओढली, सही केली आणि घाम पुसत खुर्चीत टेकले.

"उठू नका," म्हणत ताईंनी दुसरा कागद सरकवला. "आता फेब्रुवारी."