खांबाला पोट सुटलं

शुक्रवार उजाडला की शोकाबिलच्या चौकात बायकांची ही झुंबड! पन्नाशीकडे झुकलेल्या, पोट सुटलेल्या, धापा टाकणाऱ्या साऱ्याजणी मांडवात बंधू सेल्सोपुढे रांगेत उभ्या. हा बंधू कुणाचा भाऊ, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जीभ अशी, की डुकरालाही उपास धरायला लावील.

"या माझ्या बहिणींनो! चरबी म्हणजे काय? साठलेलं दुःख! ते मी दोरात बांधतो आणि अग्नीला देतो. खा, प्या, हसा. फक्त विश्वास सोडू नका!"

मंतरलेल्या पाण्याची बादली पुढ्यात. तीत भिजत पडलेले घायपाताचे दोर. त्यातला एक निथळता दोर तो बाईच्या कमरेला गुंडाळी, जिथे टोक भिडे तिथे गाठ मारी आणि दोर संताच्या मूर्तीपुढच्या मेणबत्तीपाशी टांगून ठेवी. पुढच्या शुक्रवारी तोच दोर त्याच कमरेला. आणि काय आश्चर्य! गाठ ओलांडून चार बोटं दोर शिल्लक! तेवढा तुकडा तो कचकन कापून शेगडीत टाकी. "जळाली चरबी!" बायका रडत, एकमेकींना मिठ्या मारत.

माझा या थोतांडावर काडीचा विश्वास नव्हता. पण माझी धाकटी जाऊ नेयफी खरोखर बारीक व्हायला लागली, आणि माझ्या पोटात आग पेटली.

आमचं अंगण एकच. मी झोपायची दोराची झोळी विणत बसायची आणि ही समोरून डुलत जायची. इपिलचा झगा अंगावर नुसता लोंबत होता. सणाच्या नाचासाठी तिने लग्नातलं कंबरपट्ट्याचं कापड काढलं, तर ते तिला सैल झालं! मी दोन वर्षं तळलेला पानूचो तोंडात घातला नाही, डुकराची चरबी सोडली, आणि माझ्या स्कर्टाचा हूक आहे तिथेच.

"जाऊबाई, तुम्हीही चला ना," ती म्हणाली. "बंधू म्हणतो, तुमचं मन कोरडं आहे म्हणून चरबी सुटत नाही."

"त्याला म्हणावं, माझं मन राहू दे, स्वतःची ढेरी आधी बांध."

"जळता तुम्ही!"

"जळतेच! खोटं कशाला बोलू?"

वर माझा नवरा एर्मिलो जेवता जेवता म्हणाला, "नेयफी बघ, पुन्हा पोरीसारखी दिसते." त्याच्या ताटात त्या दिवशी पुन्हा भाकरी पडली नाही.

शेवटी मीही रांगेत उभी राहिले. आठवड्याने माझाही दोर चार बोटं उरला. मांडवात टाळ्या पडल्या. मी घरी धावत आले, स्कर्ट चढवला, श्वास रोखला. हूक लागेना! दोर म्हणतो बारीक झालीस, हूक म्हणतो जशीच्या तशी. कुणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि हूक काही दक्षिणा घेत नव्हता.

मग डोक्यात वीज चमकली. अगं बाई, आपण झोळ्या विणणारी माणसं! या गावात पोर झोळीत जन्मतं आणि म्हातारा झोळीत मरतो. दोर भिजला की आखडतो, झोळी वर चढते. वाळला की सैलावतो, झोळी खाली येते. शेंबड्या पोरालाही माहीत. पण तोच दोर संतापुढे टांगला की साऱ्या गावाची अक्कल खुंटीला!

पुढच्या शुक्रवारी मी कोरडा दोर घेऊन मांडवात शिरले. सेल्सोच्या शेजारच्या खांबाला गुंडाळला, बरोबर टोकाला गाठ मारली, सोडला आणि त्याच्या बादलीत बुडवला.

"हे काय चाललंय, बहिणी?"

"खांबाचं दुःख मोजते, बंधू. तुमचं प्रवचन चालू द्या."

त्याचं प्रवचन संपेपर्यंत दोर चांगला भिजला. पुन्हा खांबाला गुंडाळला. टोक गाठीपर्यंत पोचेना!

"बघा गं! खांबाला पोट सुटलं! काय खाल्लंस रे मेल्या?"

आधी एक म्हातारा खो खो हसला, मग सारा मांडव. "अरे, पावसात माझी झोळी अशीच चढते की!" सेल्सो किंचाळला, "श्रद्धेची टवाळी!" पण बायकांनी आपापले दोर हिसकून घेतले होते.

तेवढ्यात नेयफी पुढे आली. "दोर खोटा असेल. पण मी खरंच बारीक झाले! माझं काय?"

सेल्सोच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. "बघा! ही साक्ष!"

मी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस जळत्या डोळ्यांनी तिचं अंगन् अंग न्याहाळलं होतं. वर आलेली गळ्याची हाडं. सारखी तोंडाला लावलेली पाण्याची बाटली. आणि रोज सकाळी, ती मोरीवर जाऊन आली की तिथे मुंग्यांची रांग.

"नेयफी, तुझ्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या कुठे आहेत?"

तिने मान खाली घातली. "बंधू म्हणाला, गोळ्या चरबी धरून ठेवतात. फेकून दे."

मी तिचं मनगट धरलं आणि फरफटत दवाखान्यात नेलं. डॉक्टर मिर्नाबाईंनी बोट टोचलं. साखर इतकी, की यंत्राला आकडाच दाखवता येईना. त्यांनी लगेच सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्याची गाडी मागवली.

"रक्तात साखर तुडुंब, पण शरीराला वापरता येत नाही," त्या म्हणाल्या. "मग उपाशी शरीर स्वतःचंच मांस खातं. अजून थोडे दिवस गेले असते तर ही बेशुद्धच पडली असती."

नेयफी रडत होती. "मग या वयात बारीक व्हायचं तरी कसं?"

"हळूहळू. या वयात शरीर एका दिवसात आळशी होत नाही, बाई. आपण बसून राहतो, स्नायू झिजतात, पण ताट मात्र विशीतलंच वाढून घेतो. चाला, वजन उचला, ताट लहान करा, गोळ्या घ्या. गाठ मारण्याइतकं सोपं नाही ते."

नेयफी वाचली. सेल्सो बादली टाकून पळाला. दुसऱ्या गावात दोर भिजवतच असेल. आता आम्ही दोघी रोज पहाटे चालतो. ती माझ्यापुढे झपाझप जाते आणि मी अजून जळते. जळेन! कौतुकाने बघणाऱ्या साऱ्या गावाला तिची फक्त कंबर दिसली. मुंग्या मला दिसल्या.

तुम्ही जळा, नका जळू, पण डोळे उघडे ठेवा. डॉक्टरांची गोळी कुणाच्या सांगण्यावरून फेकू नका. आणि कुणी चमत्कार मोजून दाखवला, तर टाळ्या पिटण्याआधी तेच माप एकदा खांबाला लावून बघा.