बाईंच्या वाट्याची पानं

काटेमास्तर हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. वजनकाट्यावर सकाळची ड्यूटी, ती संपली की घर, घरी दादा-वहिनी. लग्नाचा विषय निघाला की हा उठून पाय धुवायला जायचा. चाळिशी उलटली तरी आपला पायच धुतोय! ट्रकवाले त्याला मास्तर म्हणत, म्हणून सगळेच म्हणत.

त्याच्याकडचा ई-रीडर पुतण्याचा जुना. पुतण्याने नवा घेतला आणि हा काकाच्या गळ्यात मारला. वहिनी त्याला पाटी म्हणत. मास्तरने आधी नाक मुरडलं, पण मग अशी गोडी लागली की पाटी सोडवेना. भरलेली गाडी काट्यावर चढायची, आकडा थरथरून स्थिर व्हायचा, पावती फाडून खिडकीतून द्यायची, की पुढची गाडी येईपर्यंत दोन पानं.

एकदा ती ड्रॉवरमध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो तर काय, पान भलतंच! कुणीतरी वाचत वाचत पार पुढे गेलेलं. दुपारी दुसऱ्या शिफ्टच्या बाई आल्या तसा तो फणफणला.

"माझ्या पाटीला हात कुणी लावला?"

"तुमची होय? मला वाटलं कंपनीची," बाई डबा ठेवत म्हणाल्या. "छान आहे हो गोष्ट."

"अहो, पण मधूनच वाचलीत?"

"मग? टीव्हीवरचा सिनेमा काय आपण येईपर्यंत थांबतो? जिथून दिसला तिथून बघायचा. आता मागचं तुम्ही सांगा."

मास्तरला मागचं सांगावं लागलं. बाईंनी त्याला पुढचं सांगितलं. आणि मग ती सवयच पडली. सकाळी तो वाचणार, दुपारनंतर बाई, एकाने जिथे सोडलं तिथून दुसऱ्याने. त्यामुळे प्रत्येक पुस्तक दोघांच्या वाट्याला निम्मं निम्मं यायचं आणि राहिलेलं निम्मं ड्यूटी बदलताना तोंडी. गंमत अशी की, बाईंनी संध्याकाळी काय वाचलं हे मास्तरला सकाळी ठाऊकच नसे. गोष्टीत काल ठणठणीत असलेला माणूस आज एकदम फोटोत, आणि तो कशाने गेला ते दुपारी कळणार!

मागे जाता येत होतं की. बोटाने पान उलटं सरकवलं की झालं. सुरुवातीला मास्तरने एकदा तसं केलंही. पण पुस्तकात नुसतं 'ती रागावली' एवढंच होतं. बाईंनी ती कशी रागावली ते कमरेवर हात ठेवून करून दाखवलं. त्यानंतर तो कधी मागे गेला नाही.

बाई एकट्या राहत. का, कशा, हे त्यांनी कधी काढलं नाही आणि हा शहाणा विचारेल तर शपथ! पण खोटं कशाला सांगा, मास्तर दुपारची वाट बघू लागला होता. शर्टाला इस्त्री करू लागला होता. वहिनींच्या नजरेतून ते सुटतंय होय! जेवताना तो दोन्ही निम्मी जोडून त्यांना गोष्ट सांगे, तेव्हा त्या मुद्दाम विचारत, "हे पुस्तक म्हणालं, की बाई म्हणाल्या?"

मग ते घड्याळजीचं पुस्तक आलं. घड्याळजी एका खानावळवालीच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. दोघांचं एकमेकांवर मन, पण बोलेल कोण? शेवटी त्याला परगावी दुकान मिळालं. त्याने ट्रंक बांधली आणि ती हातात घेऊन तो दारात आला. तिथपर्यंत वाचून मास्तरने पाटी मिटली आणि दुपारी ते बाईंना सांगितलं.

"मूग गिळून बसलाय मेला," बाई वैतागल्या. "बोलायला काय होतं हो त्याला? तिने आपलं किती दिवस ओळखत राहायचं?"

मास्तरचे कान गरम झाले. "असतो एकेकाचा स्वभाव," तो म्हणाला.

"असतो खरा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. बाहेर गाडीने हॉर्न दिला. मास्तर डब्याची पिशवी उचलून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान जागच्या जागी. घड्याळजी आपला ट्रंक घेऊन दारातच! म्हणजे बाईंनी वाचलंच नाही? मास्तर खट्टू झाला. आपण काही वावगं बोललो का, म्हणून सकाळभर त्याचं मन त्याला खात राहिलं. त्यानेही मग एक ओळ वाचली नाही. दुपारी विचारू, असं ठरवलं.

दुपारी बाईंच्या जागी एक नवाच माणूस आला.

"त्यांची बदली झाली ना, नदीपलीकडच्या यार्डात," तो म्हणाला. "ऑर्डर तर कधीच निघाली होती. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

मास्तरने ड्रॉवर उघडून पाटी बाहेर काढली.

"काल मी काम समजून घ्यायला आलो होतो," तो माणूस सांगत होता. "सगळा वेळ ही पाटी वाचत होत्या. मग निघताना पानं उलटी मागे नेत बसल्या. म्हटलं, काही हरवलं का? तर म्हणाल्या, नाही, त्यांचं पान जागेवर ठेवतेय."

तेव्हा कुठे मास्तरच्या डोक्यात उजेड पडला. बाईंनी वाचलं होतं. पण उद्या सांगायला आपण नसणार, मग याचं मधलं राहायला नको, म्हणून पान परत आणून ठेवलं होतं. मास्तर तसाच बसला. खुर्ची रिकामी करायची असते हेही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर मास्तरची दुपार जी बिघडली ती बिघडलीच. नवा माणूस यायचा, "काय विशेष?" म्हणायचा आणि कानात गाणी घालायचा. मास्तर बसमध्ये पाटी उघडायचा, ट्रंकवाल्याला बघायचा आणि मिटायचा. पुढचं पान बोटाखाली होतं. ते सरकवावंसं वाटत नव्हतं. सरकवलं की बाईंचं सांगणं कायमचं संपलं, असं त्याला वाटे. इस्त्री सुटली. जेवण सुटल्यासारखं झालं.

शेवटी वहिनींचा धीर सुटला. "भाऊजी, तो गेला की राहिला? किती दिवस दारात उभा केलाय त्याला! हात दुखले असतील हो त्याचे."

"माहीत नाही."

"मग आणा ती पाटी, मीच बघते."

"हात लावू नका!"

मास्तर ओरडला. त्या घरात त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. दादांचा घास हातातच राहिला.

"ती पानं बाईंच्या वाट्याची आहेत," मास्तर म्हणाला. "मला ती वाचायची नाहीत, वहिनी. ऐकायचीत. दुपार झाली की मी नुसता दाराकडे बघत बसतो हो."

वहिनींनी त्याच्या ताटात भात वाढला. मग म्हणाल्या, "मग जिच्या वाट्याची तिला सांगा की हे. मला कशाला दटावता?"

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मास्तर घरच्या बसमध्ये चढला नाही. पलीकडच्या यार्डात गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. काट्याच्या खिडकीत बाई पावती फाडत होत्या.

"गाडी नंबर?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"गाडी नाही," मास्तर म्हणाला.

बाईंचा हात थांबला. त्यांनी मास्तरकडे पाहिलं, त्याच्या काखेतल्या पाटीकडे पाहिलं. "झालं वाचून?"

"नाही."

"अहो, पान जागेवर ठेवलं होतं मी!"

"पान होतं जागेवर. तुम्ही नव्हतात." एवढं बोलून गेल्यावर त्याला थांबता येईना. "मला बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण मधलं मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. हे, आणि यापुढचं सगळं."

रांगेतल्या ड्रायव्हरने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेना. "थांब रे बाबा!" बाई त्याच्यावर खेकसल्या, आणि खेकसताना त्यांचे डोळे भरलेले होते.

"मला सुटायला वेळ आहे," त्या मास्तरला म्हणाल्या. "तोवर काय असेच दारात उभे राहणार? आत या. स्टूल आहे."

मास्तर आत गेला आणि त्याने डब्याची पिशवी खाली ठेवली.